गोव्याच्या बागेत पिवळा रंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातल्या घरांच्या, फ्लॅटच्या आणि कुळागरांच्या (पोफळी-माडांच्या बागायतींच्या) बागा आखताना पिवळ्या रंगाबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. माझं म्हणणं थोडक्यात असं: पिवळा मोजकाच लावावा, आणि तो कुठल्या महिन्यात दिसायला हवा हे ठरवल्याशिवाय रोप विकत घेऊ नये. खालची बहुतेक उत्तरं याच विचारातून आलेली आहेत.

उठावाचा रंग म्हणजे नेमकं काय? आणि त्यासाठी पिवळाच का?

बागेत सगळीकडे पसरलेला असतो तो पायाचा रंग. आपल्याकडे तो हिरवा, त्यात वाद नाही. त्या हिरव्यावर दोन-चार ठिकाणीच येऊन नजर थांबवतो तो उठावाचा रंग. भर उजेडात माणसाचा डोळा सगळ्यांत तल्लख असतो तो ५५५ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे पिवळसर हिरव्या पट्ट्यात. म्हणून पिवळं फूल लांबूनही पटकन दिसतं आणि आहे त्यापेक्षा जवळ वाटतं. संध्याकाळी उजेड उतरू लागला की लाल जास्वंद आधी काळवंडते, फिकट पिवळं फूल मात्र बराच वेळ दिसत राहतं. दिवसभर कामावर असणाऱ्या माणसाला बाग दिसते ती बहुधा त्याच वेळी.

मग भरपूर पिवळा लावला तर काय बिघडलं?

पिवळ्यात नजर खेचून घेण्याची ताकद आहे, आणि तीच त्याची अडचण. दहा ठिकाणी पिवळा असला की नजर कुठेच टिकत नाही. फाटकाशी आलमंडा, गडग्यावर (दगडी कुंपणावर) पिवळी बोगनवेल, वाटेच्या दोन्ही कडांना सोनेरी ड्युरांटा आणि मध्ये झेंडूचा वाफा अशी बाग फोटोत खुलते, पण तिथे रोज बसणाऱ्याचे डोळे थकतात.

टक्केवारीत मोजणारे नियम मला फारसे कामाचे वाटत नाहीत. मी वेगळं करते. घरातली माणसं खरोखर जिथे थांबतात त्या जागा आधी शोधते: बलकांवातलं (घरापुढच्या ओट्यावरचं) बाकडं, स्वयंपाकघराची खिडकी, तुळशीपुढची जागा, गाडीतून उतरून फाटक उघडतो ती जागा. प्रत्येक जागी उभं राहून समोर पाहायचं. एका नजरेत पिवळं एकच. बलकांवातून सोनचाफा दिसत असेल तर त्याच दिशेला दुसरं पिवळं नको. ते मागच्या परसात जाऊ दे, खिडकीतून वेगळं दिसेल. अशाने एका बागेत चार-पाच पिवळ्या गोष्टी सहज सामावतात आणि एकमेकींच्या आड येत नाहीत.

जागा लहान असेल तर आणखी एक. पिवळा अंतर कमी करतो. अरुंद परसाच्या टोकाला लावला तर परस आणखी आखूड दिसतं. तिथे निळी-जांभळी फुलं नाहीतर गर्द हिरवी पानं लावा आणि पिवळा अलीकडे, एका बाजूला आणा.

पिवळा कुठल्या महिन्यात दिसायला हवा? वर्षभर फुलणारं झाडच लावलं तर?

वर्षभर फुलणारी आहेत, आलमंडा आणि टेकोमा त्यातलीच. पण वर्षभर तेच दिसत राहिलं की घरच्यांना ते दिसेनासं होतं. ऋतूप्रमाणे पिवळ्याची जागा बदलत जाणारी बाग मला जास्त जिवंत वाटते, आणि गोव्याचे ऋतू तर एकमेकांपासून इतके निराळे की ही गोष्ट इथे सहज जमते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस लागतो आणि सप्टेंबरपर्यंत साधारण तीन हजार मिलिमीटर पडून जातो. आभाळ राखाडी, उजेड मऊ, आणि हिरवा इतका दाट की फिकट पिवळा त्यात विरून जातो. पावसाळ्यासाठी पिवळा गडद हवा: पिवळी कर्दळ, आलमंडा, भोपळ्याची आणि घोसाळ्याची फुलं. नाजूक पाकळ्यांची फुलं या चार महिन्यांत सडतात, त्यांच्या मागे लागू नका.

पाऊस सरता सरता, सप्टेंबर-ऑक्टोबरात, सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, कवल्याची पिवळी फुलं येतात. त्यानंतर झेंडू, शेवंती आणि पिवळी कोरांटी. कोरांटीकडे लोक काटेरी म्हणून पाठ फिरवतात, मला ते पटत नाही. ही इथलीच, पाणी कमी मागणारी, गडग्याच्या कडेने लावली तर गुरांनाही अडवणारी.

जानेवारी ते मार्च हा पानगळीचा काळ. सोनसावर या दिवसांत एकही पान नसताना फुलते. करड्या फांद्यांवर मोठाली, चकचकीत पिवळी फुलं, आणि मागे कोरडं निळं आभाळ. डोंगरउतारावर, कातळावर जागा असेल तर दुसरं काही शोधू नका. नर्सरीतला पिवळा टॅबेबुइयाही साधारण याच सुमाराला फुलतो आणि मिळायला सोपा आहे, पण तो परदेशी.

एप्रिल-मे बहाव्याचा. याच दिवसांत काजूच्या बागेत पिवळी बोंडं लोंबत असतात आणि रस्त्याकडेचा सोनमोहर खाली पिवळा सडा घालतो. मेच्या दुपारी उजेड इतका पांढरा असतो की फिकट पिवळी फुलं धुतल्यासारखी दिसतात. बहावा तिथेही टिकतो, कारण त्याचे झुंबरासारखे घोस फांदीखाली, सावलीच्या पार्श्वभूमीवर लोंबतात. उन्हाळ्यातलं कुठलंही पिवळं लावताना ही गोष्ट ध्यानात ठेवा: फुलामागे सावली हवी.

आमच्या घराची भिंतच पिवळी आहे. समोर पिवळी फुलं शोभतील का?

नाही. पणजीच्या फोंताइन्हासमधली पिवळी घरं पाहा. तिथे भिंतच उठावाचं काम करते. तिच्यापुढे शोभतात ती पांढरी तगर, गडद हिरवी पानं, निळी गोकर्ण नाहीतर जांभळी बोगनवेल. पिवळ्यापुढे पिवळं ठेवलं की फूल दिसत नाही आणि भिंत मळकी वाटते.

पिवळी फुलं खरी खुलतात ती न रंगवलेल्या चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, भिंतीपुढे. त्याचं कारण चिऱ्यातच आहे. नुकताच कापलेला चिरा हातात घेऊन पाहा: तांबड्या अंगात पिवळ्या, हळदी रंगाच्या शिरा आणि ठिपके दिसतात, छिद्रांच्या आतली माती तर बहुतेक पिवळीच. तांबडा आणि पिवळा, दोन्ही लोहाच्याच संयुगांचे रंग. पाण्याचा अंश धरून असलेलं संयुग पिवळं, तो नसलेलं तांबडं. म्हणून हे दोन रंग शेजारी आले की परके वाटत नाहीत. चिऱ्याचा गडगा गिलावा करून रंगवण्याआधी, त्याच्यापुढे एक सोनचाफ्याचं कलम ठेवून वर्षभर तरी बघा, एवढीच विनंती.

रोपांऐवजी भिंत, कुंडी किंवा तुळशी वृंदावन पिवळं केलं तर?

चालेल, आणि ज्यांना झाडांची निगा जमत नाही त्यांच्यासाठी हा चांगला मार्ग आहे. रंग मात्र मातकट घ्या. चुन्यात पिवडी कालवून केलेला पिवळा ऊन-पावसात फारसा विटत नाही, कारण ती खनिज माती आहे. लिंबासारखा भडक पिवळा लवकर फिका पडतो. गोव्यात ऑगस्टपर्यंत उघड्या भिंतीवर शेवाळ चढून ती काळी पडते, तेव्हा मोठी भिंत पिवळी करण्यापेक्षा वृंदावन किंवा एखादी मोठी कुंडी करा. दिवाळीआधी हात फिरवणं सोपं जातं.

पिवळ्याच्या शेजारी कुठला रंग ठेवावा?

जांभळा आणि गडद निळा. चित्रकाराच्या रंगचक्रात पिवळ्यासमोर जांभळा येतो, आणि आपल्या सड्यांवर ही जोडी पावसाच्या शेवटी आपोआप लागते: पिवळा कवला आणि त्याच्यामधून सीतेच्या आसवांची जांभळट निळी फुलं. बागेत तेच करायचं तर पिवळ्या कर्दळीच्या बाजूला रुएलिया, किंवा कोरांटीवर गोकर्णीचा वेल.

पांढरा शांत. जाई-मोगऱ्याच्या बागेत एक सोनचाफा पुरतो. लालभडक आणि पिवळा एकत्र सणाला सुंदर, पण रोजच्या बागेत ती जोडी मला जड वाटते. अबोलीचा केशरी रंग मात्र पिवळ्याशी छान जुळतो. दोन्ही उबदार आणि अबोली बुटकी राहते, म्हणून तिला पिवळ्याच्या पायाशी लावा.

कुळागराच्या सावलीत पिवळा आणायचा तर काय लावावं?

पोफळी-माडांखाली फुलांवर फार भिस्त ठेवू नका. क्रोटन आणि सोनेरी ड्युरांटा ऊन नसलं की हिरवे पडतात, त्यांचे पैसे वाया जातात. अर्धसावलीत भरवशाचं एक झुडूप म्हणजे लॉलीपॉप: उभी पिवळी कणसं, त्यातून डोकावणारी पांढरी फुलं, आणि कणसं कितीतरी आठवडे टिकतात. पाणी धरून ठेवणाऱ्या चराच्या काठी पिवळा सोनटक्का लावावा. पावसाळ्यात फुलतो, वास अप्रतिम. आणि जे आधीच तिथे आहे ते बघायला विसरू नका. पिकत आलेला सुपारीचा घोस हा कुळागरातला सगळ्यांत देखणा पिवळा-केशरी ठिपका असतो. वाट अशी आखा की चालताना तो नजरेसमोर येईल.

परसातल्या भाजीचा पिवळा धरायचा का?

का नाही? गोव्याच्या परसात पावसाळाभर पिवळा असतो तो भाज्यांचाच: तवशी, भोपळा, घोसाळं, दोडका, कारलं, आणि मधोमध जांभळा डोळा असलेलं भेंडीचं फूल. भोपळ्याची फुलं सकाळी उमलतात आणि ऊन चढलं की मिटतात. दोडक्याची संध्याकाळी उघडतात. म्हणून भोपळ्याचा वेल स्वयंपाकघराच्या खिडकीकडे आणि दोडक्याचा मांडव बसायच्या जागेकडे घाला. भाजी मिळेल ती मिळेलच, दिवसाच्या दोन्ही टोकांना रंगही मिळेल. हळदीचे वाफेही याच बाजूला असू द्या. तिचं फूल नव्हे, पानं पाहण्यासारखी, आणि पातोळ्यांना लागतातच. डिसेंबरनंतर ती पानं सुकत पिवळी होतात, तोही एक रंगच.

घरात लहान मुलं आहेत, कुत्रा आहे. पिवळी फुलझाडं धोक्याची असतात का?

काही असतात, आणि हे उत्तर कृपया नीट वाचा.

पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, अंगणात आणि देवळांच्या आवारात सर्रास दिसते. फुलं देवाला वाहतात. पण या झाडाचा प्रत्येक भाग विषारी आहे आणि बी सगळ्यांत जास्त. त्यातली द्रव्यं थेट हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतात; बी चावून खाल्ल्यास जीव जाऊ शकतो. तिच्या कठीण बिया मुलं खेळायला उचलतात, तिथेच खरा धोका. ज्या घरात लहान मुलं आहेत तिथे मी बिट्टी लावत नाही. आधीपासून असेल तर फळं हिरवी असतानाच काढून टाका, आणि कोणी बी खाल्ल्याची नुसती शंका आली तरी घरगुती उपाय न करता लगेच इस्पितळात न्या.

आलमंडाचा पांढरा चीक त्वचेला झोंबतो आणि पोटात गेला तर उलट्या-जुलाब होतात. छाटणी करताना हातमोजे घाला. ड्युरांटाची पिवळी फळं मोत्यांसारखी दिसतात, म्हणूनच मुलं ती तोंडात घालतात, तीही विषारी. मुलं असलेल्या घरासाठी सोनचाफा, झेंडू, कर्दळ आणि भाज्यांचे वेल हे निर्धास्त पर्याय आहेत.

नर्सरीवाल्याने जमीन झाकायला पिवळ्या फुलांचं वेडेलिया सुचवलं आहे. लावू का?

लावू नका. चकचकीत हिरवी पानं, वर डेझीसारखी पिवळी फुलं, पाणी-खत काही नको, स्वस्त. आमिष मोठं आहे. पण ते प्रत्येक पेरावर मूळ धरतं, ओढ्याच्या काठाने खाली उतरतं आणि खालची सगळी रोपं झाकून टाकतं. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या जगातल्या सर्वांत घातक अशा १०० आक्रमक परक्या जातींच्या यादीत ते आहे. छाटलेले तुकडे ओहोळात किंवा रस्त्याकडेला टाकले की तिथेही रुजतात. आधीच असेल तर मुळांसकट उपटा, उन्हात पूर्ण वाळवा आणि मगच टाका.

पिवळ्या कॉसमॉसबद्दलही सावध राहा. त्याचं बी भरपूर पडतं आणि दूरवर पसरतं. सड्याला लागून घर असेल तर तो नकोच. तिथली पावसाळी फुलं हा ठेवा परत आणता येणारा नाही.

आमचं घर समुद्राजवळ आहे, वाळू आणि खारा वारा. पिवळं काय जगेल?

मोरजी, मांद्रे, हरमलच्या किनारपट्टीवर मी आधी परस पिंपळ आणि बेलपाटा पाहते. दोन्ही किनाऱ्याची झाडं, खारेपणा सोसणारी. दोघांचीही फुलं सकाळी पिवळी उमलतात, आत तपकिरी-जांभळट डोळा असतो, आणि संध्याकाळपर्यंत त्यांचा रंग लालसर होत जातो. एकाच झाडावर ताजी पिवळी आणि शिळी तांबूस फुलं एकत्र दिसतात. खाली वाळूत मर्यादवेलीची जांभळट फुलं असली की पिवळ्या-जांभळ्याची जोडी इथेही जुळते. मर्यादवेल उपटून तिथे लॉन घालायचा हट्ट सोडा, वाळू धरून ठेवणारी तीच आहे. कुंडीत लावायचं असेल तर पिवळी बोगनवेल.

फ्लॅटच्या बाल्कनीत कसं करावं?

एक कुंडी. बाकी सगळं हिरवं. ऊन चार तासांहून जास्त येत असेल तर पिवळी पिटकोळी (इक्झोरा) घ्या. तिला आपली आंबट माती मानवते. ऊन कमी असेल तर लॉलीपॉप.

दसऱ्याला घरचा झेंडू हवा. कधी पेरायचा?

पेरणीपासून फुलं यायला दोन ते अडीच महिने लागतात, म्हणजे बी जुलैच्या शेवटापर्यंत पडायला हवं, आणि तेव्हा बाहेर धो-धो पाऊस असतो. म्हणून बी आडोशाला ट्रेमध्ये टाका, रोपं तीन-चार आठवड्यांची झाली की उंच गादीवाफ्यावर लावा. पाणी साचलं की झेंडू मुळापासून कुजतो. गोव्यात झेंडू फसतो तो बहुतेक यामुळेच. लावल्यावर रोप रुजलं की शेंडा खुडा, फांद्या फुटतात आणि फुलं वाढतात.

झेंडू मूळचा मेक्सिकोचा, पण आता त्याच्याशिवाय आपलं तोरण होत नाही. त्याच्या मुळांतलं एक द्रव्य मातीतल्या सूत्रकृमींना मारक असतं, त्यामुळे वांगी-टोमॅटोच्या वाफ्यात दसऱ्यानंतरही तो राहू द्यावा.

पिवळ्या झाडांनी फुलपाखरं येतील का?

येतील, पण पान खाल्लेलं चालवून घ्यावं लागेल. बहाव्याच्या पानांवर फिकट पिवळ्या-हिरव्या फुलपाखरांच्या अळ्या वाढतात, आणि लहान गवती पिवळी फुलपाखरं तायकिळ्याच्या (टाकळ्याच्या) जातीच्या झाडांवर अंडी घालतात. दोन-चार रोपं भाजीला न खुडता तशीच सोडा. गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीला बांधतात त्या घागऱ्यांची, म्हणजे खुळखुळ्याची, पिवळी फुलं परसाच्या कडेला असली तर निळ्या पट्ट्यांची फुलपाखरं वाळत्या रोपांवर गोळा होतात. नरांना त्यातली काही द्रव्यं हवी असतात. खुळखुळ्याचं बी मात्र विषारी, तेव्हा शेंगा गुरांपासून दूर.

पानं आपोआप पिवळी पडत आहेत. राहू द्यावीत का?

तो रंग नव्हे, तक्रार आहे. खालची जुनी पानं सबंध पिवळी पडत असतील तर नत्र कमी. इथल्या पावसात ते धुऊन जातं, म्हणून शेणखत एकदम न घालता थोडं थोडं, पावसाच्या उघडिपीत द्या. जुन्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधली जागा पिवळी असेल तर मॅग्नेशियम. कोवळी पानं तशी दिसली तर लोह, आणि हे बहुधा कुंडीत होतं, किंवा बांधकामाचा चुना-सिमेंट मातीत मिसळला असेल तिथे. सगळंच मलूल होऊन पिवळं पडत असेल तर आधी पाणी साचतंय का ते बघा.

नर्सरीतून रोप घेताना काय बघावं?

फूल लागलेलं रोप घ्या. बोगनवेल, कर्दळ, पिटकोळी आणि शंकासुर यांच्यात लाल-गुलाबी आणि पिवळं रोप पानांवरून ओळखणं अवघड. नुसत्या शब्दावर घेतलं तर वर्षाने रंग कळतो. सोनचाफा कलमीच मागा आणि कलमाचा सांधा बोट लावून पाहा. कलम साधारण वर्ष-दोन वर्षांत फुलतं आणि बुटकं ठेवता येतं. बियांचं झाड उंच जातं आणि फुलायला फार वर्षं लावतं. बहाव्याला कलमाची वाट नाही, धीर धरावा लागतो, म्हणून मोठं, पिशवीबाहेर मुळं न आलेलं रोप निवडा. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात रोपं स्वस्त मिळतात, पण ती उन्हात दिवसभर ठेवलेली असतात; सकाळी लवकर जा. नवीन रोप जूनच्या पहिल्या दोन सरी पडून गेल्यावर लावा, मेमध्ये नको.